पावसाळ्याआधी गावाचे कच्चे दुवे शोधायचे कसे

नरसोबाच्या वाडीला कृष्णेचं पाणी चढायला लागलं की पुजाऱ्यांची धावपळ ठरलेली असते. पाणी मंदिरात शिरतं, पादुकांवरून वाहत दक्षिणेच्या दाराने बाहेर पडतं. तो दक्षिणद्वार सोहळा. त्या पाण्यात स्नान करायला लांबून माणसं येतात. पाणी आणखी वाढलं की उत्सवमूर्ती वरच्या मंदिरात हलवतात. कुठवर पाणी आलं की काय करायचं, कुणी करायचं, मूर्ती कुठे न्यायची, हे पिढ्यान् पिढ्या ठरलेलं आहे. त्यासाठी कुणाला बैठक बोलवावी लागत नाही.

आता त्याच नदीकाठच्या एखाद्या गावात जाऊन विचारा, पाणी कितीवर आलं की तुम्ही घर सोडणार? बहुतेक ठिकाणी उत्तर येतं, "बघू की."

ऑगस्ट २०१९ मध्ये हे "बघू की" फार महागात पडलं. सांगलीच्या आयर्विन पुलाजवळ इशारा पातळी ४० फूट आणि धोका पातळी ४५ फूट धरतात. २००५च्या पुरात पाणी ५४ फुटांच्या आसपास गेलं होतं आणि काठावरच्या लोकांनी मनात तीच शेवटची रेघ आखून ठेवली होती. पाचच्या पुरात आमच्या उंबऱ्याला पाणी लागलं नव्हतं, आता कशाला लागेल, असं म्हणत कितीतरी जण घरातच थांबले. पाणी ५७ फुटांच्या वर गेलं. तोवर रस्ते बुडाले होते. पलूस तालुक्यातल्या ब्रह्मनाळला ८ ऑगस्टला एका होडीत भारापेक्षा जास्त माणसं बसली, होडी उलटली आणि १२हून अधिक जण बुडाले.

नदी एकच. देव वेळेवर हलतो, माणसं हलत नाहीत. या दोहोंतलं अंतर म्हणजे गावाचा कच्चेपणा. सरकारी कागदांत त्याला 'असुरक्षितता', 'भेद्यता' असले शब्द असतात. मला आपला 'कच्चा दुवा' बरा वाटतो, कारण दुवा शोधता येतो आणि पक्काही करता येतो. पाऊस, भूकंप, वादळ आपल्या हातात नाहीत. पण घर कसं बांधलंय, वस्ती कुठे आहे, खबर कुणाला आधी कळते, कुणाकडे जायला जागा आहे आणि कुणाकडे नाही, या गोष्टी माणसांनीच ठरवलेल्या असतात. त्या कशा तपासायच्या ते खाली पायरीपायरीने लिहितो आहे. दोन-तीन रविवार पुरतात. एप्रिलमध्ये सुरुवात केली तर १ मेच्या ग्रामसभेपर्यंत हातात काहीतरी येतं.

आधी माणसं जमवा

आठ-दहा जण पुरे. पण ती कोण, यावर सगळं अवलंबून आहे. सरपंच, पोलीस पाटील आणि दोन तरुण मंडळांचे अध्यक्ष एवढ्यांनाच घेऊन बसलात तर पारावरून दिसतं तेवढंच गाव कागदावर येईल. प्रत्येक वाडीतून, प्रत्येक वस्तीतून एक माणूस हवा. ओढ्याच्या काठावर, गायरानात, गावाच्या खालच्या अंगाला कोण राहतं ते आपल्याला ठाऊक आहे. तिथून माणूस आलाच पाहिजे आणि त्याला खुर्ची मिळाली पाहिजे. आशाताई, अंगणवाडीताई आणि लाइनमन हे तिघे सोडू नका. गावातलं कुठलं घर आतून कसं आहे हे आशाताईइतकं तलाठ्यालाही ठाऊक नसतं.

साहित्य फार नाही. तलाठ्याकडचा गावनकाशा, एक मोठी वही, मोजपट्टी, गेरूचा डबा आणि फोटोंसाठी मोबाइल.

पायरी १ : जुन्या खुणा

सत्तरी ओलांडलेल्या पाच-सहा जणांना गाठा. त्यांना "पूर कधी आला होता?" असं विचारू नका. "पाणी कुठवर आलं होतं, दाखवा," म्हणा. माणूस साल विसरतो, पायरी विसरत नाही. कुणी देवळाचा ओटा दाखवेल, कुणी पिंपळाची ढोली. ती जागा गेरूने रंगवा, साल लिहा, फोटो काढा. दरडीच्या गावात हाच प्रश्न वेगळ्या तऱ्हेने येतो: हे मोठाले दगड शेतात कुठून आले? इथे आधी कुणाचं घर होतं का? त्या बाजूला कुणी घर का बांधत नाही? जागेच्या नावातही कधीकधी उत्तर दडलेलं असतं.

पण इथेच एक सापळा आहे. जुनी खूण ही 'निदान इथवर' अशी वाचायची. 'इथवरच' अशी वाचली की सांगलीचं २०१९ होतं.

मोठ्या नदीकाठी असाल तर जलसंपदा विभागाच्या पूररेषा पाहून घ्या. निळी रेषा म्हणजे सरासरी २५ वर्षांतून एकदा येऊ शकणाऱ्या पुराची आणि लाल रेषा म्हणजे १०० वर्षांतून एकदा येऊ शकणाऱ्या पुराची. हे 'शंभर वर्षांतून एकदा' ऐकून फार लोक फसतात. एकदा येऊन गेला, आता नातवंडांच्या काळात बघू, असा त्याचा अर्थ नाही. दरवर्षी शंभरात एक शक्यता, एवढाच तो हिशोब आहे. कृष्णाकाठाने २००५, २०१९ आणि २०२१ असे तीन मोठे पूर एका पिढीत पाहिले.

पायरी २ : दोन फेऱ्या

एक फेरी उन्हात आणि एक पहिल्या दोन-चार मोठ्या पावसांनंतर. उन्हातल्या फेरीत जमीन दिसते, पावसातल्या फेरीत पाणी दिसतं. दरडीच्या बाबतीत दुसरी फेरी जास्त महत्त्वाची, कारण डोंगर सुटतो तो बहुतेक वेळा पोटात मुरलेल्या पाण्याने.

कोकणात आणि घाटमाथ्यावर पुष्कळ ठिकाणी वर जांभा आणि खाली पांढरट-पिवळी चिकणमाती असते. जांभ्यातून पाणी झिरपतं, चिकणमातीवर येऊन अडतं आणि तो थर साबणासारखा होतो. म्हणून गावाच्या डोक्यावर पाणी कुठे मुरतं ते आधी पाहा. पडीक शेताडीचे बांध फुटून पाणी साचतं का? रस्ता काढताना नैसर्गिक चर बुजली का? जेसीबीने टेकडीचा पायथा कापून कुणी अंगण वाढवलंय का? हा शेवटचा प्रश्न विचारला की बैठकीत शांतता पसरते, कारण दोन-तीन घरं तिथेच बसलेली असतात. तरी विचारा.

धोक्याच्या खुणा अशा: डोंगरावर आडव्या भेगा, झाडं किंवा विजेचे खांब एका बाजूला कललेले, दारं-खिडक्या अचानक घट्ट होणं, जमिनीला किंवा भिंतीला नवी फट, कायम स्वच्छ असणारा झरा गढूळ होणं किंवा एकाएकी आटणं. भेग दिसली की तिच्या दोन्ही काठांवर एकेक खुंटी ठोका आणि अंतर मोजून लिहून ठेवा. दोन दिवसांनी पुन्हा मोजा. अंतर वाढलं असेल तर कुणाच्या अहवालाची वाट न पाहता त्या खालची घरं रिकामी करायची.

इर्शाळवाडीबद्दल एक गोष्ट लक्षात ठेवण्यासारखी आहे. रायगड जिल्ह्यात खालापूर तालुक्यातल्या या ठाकर वस्तीवर १९ जुलै २०२३च्या रात्री दरड कोसळली. २७ मृतदेह मिळाले, ५७ माणसं बेपत्ता राहिली. ही वाडी दरडप्रवण गावांच्या यादीत नव्हती, असं सरकारने विधिमंडळातच सांगितलं. यादीत नाव असेल तर तिचा आधार घ्या, भांडा, निधी मागा. नाव नसेल तर त्यावरून निर्धास्त होऊ नका.

पायरी ३ : घरं

३० सप्टेंबर १९९३. गणपती विसर्जन आटोपून लोक झोपले होते. पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी किल्लारीचा भूकंप झाला, तीव्रता सव्वासहाच्या आसपास. लातूर आणि तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यांत मिळून सुमारे ८,००० माणसं गेली. साडेतीन महिन्यांनी, १७ जानेवारी १९९४ला अमेरिकेत लॉस एंजेलिसजवळ नॉर्थरिजला भूकंप झाला. तोही पहाटेच, तोही लोक झोपेत असताना आणि किल्लारीपेक्षा मोठा, ६.७ तीव्रतेचा. तिथे ६०च्या आसपास माणसं गेली.

हा फरक भिंतीत आणि माळवदात होता. मराठवाड्यातली ती घरं गरिबीची नव्हती, ऐपतीची होती. दोन-तीन फूट रुंद दगडी भिंत, पण दगड मातीत बसवलेले. बाहेरचं एक तोंड, आतलं एक तोंड, मध्ये माती आणि चिपा. दोन तोंडांना जोडणारा आरपार दगड क्वचितच. वर लाकडी माळवद आणि त्यावर पांढऱ्या मातीचा थर. गळू नये म्हणून दर काही वर्षांनी आणखी माती टाकायची. थर फूट-दीड फूट, कुठे त्याहून जास्त. भिंत हलली, तोंडं सुटली आणि ते सगळं ओझं खाली आलं. कुडाच्या नि गवताच्या झोपड्यांत राहणाऱ्यांपैकी पुष्कळ जण वाचले. गरीब तो नेहमीच जास्त मरतो असं आपण धरून चालतो. संकट कुठलं, यावर ते ठरतं. जे घर उन्हाळ्यात गारवा देतं तेच भूकंपात मारतं.

म्हणून घरं पाहताना 'कच्चं-पक्कं' असा एकच रकाना करू नका. प्रत्येक घरासाठी तीन प्रश्न वेगवेगळे विचारा: हललं तर काय पडेल? पाण्यात राहिलं तर काय विरघळेल? वाऱ्यात काय उडेल?

हललं तर: दगडमातीची भिंत, जड माळवद, कोपऱ्याला उभी फट. यावर उपाय आहेत आणि तुलनेने स्वस्त आहेत. माळवदावरची जादा माती उतरवून थर पातळ करायचा आणि गळती थांबवायला मध्ये प्लॅस्टिकचा जाड कागद घालायचा. भिंतीत ठरावीक अंतरावर आरपार बांधणारे दगड किंवा सळई घातलेले काँक्रीटचे ठोकळे बसवायचे. दारांच्या वरून घराभोवती सलग पट्टी फिरवायची. किल्लारीनंतर मराठवाड्यात हे काम मोठ्या प्रमाणावर शिकवलं गेलं. माहितगार गवंडी अजून सापडतील. भिंतीला हात लावायच्या आधी माळवदाला टेकू द्यायला मात्र विसरू नका.

पाण्यात: मातीची भिंत पुरात दोन दिवस उभी दिसते आणि पाणी ओसरल्यावर पडते. लोक सामान काढायला आत जातात नेमके तेव्हाच. वहीत अशा घरांपुढे वेगळी खूण करा, म्हणजे पाणी ओसरल्यावर तिथे कुणाला जाऊ द्यायचं नाही हे लक्षात राहील.

वाऱ्यात: ३ जून २०२०च्या निसर्ग चक्रीवादळात श्रीवर्धन, दिवेआगर, मुरूड या पट्ट्यात पत्रे पाखरांसारखे उडाले. पत्र्याचा हुक वाशाला धरलेला आहे की नुसता दगड ठेवलाय, एवढं पाहिलं तरी अर्धी तपासणी होते.

पायरी ४ : रात्री गावात कोण असतं

किल्लारी पहाटेची. इर्शाळवाडी रात्रीची. चिपळूण तालुक्यातलं तिवरे धरण फुटलं तेही २ जुलै २०१९च्या रात्रीच. म्हणून गणना रात्रीची करायची. शिधापत्रिकेवर सहा नावं असतात, जुलैच्या रात्री घरात दोघंच असतात आणि ती दोघंही पंच्याहत्तरीची. कोकणातल्या पुष्कळ वाड्यांचं हे चित्र आहे. कमावता माणूस मुंबईला, मुलं आश्रमशाळेत किंवा हॉस्टेलवर. संकटात उचलायला हात लागतात आणि हातच गावात नसतात.

घरोघर जाऊन एवढं लिहा: रात्री किती जण झोपतात, त्यांतले स्वतः चालत बाहेर पडू शकतात किती, आधार कुणाला लागेल आणि तो कोण देणार. शेवटच्या प्रश्नापुढे नाव हवं. "शेजारी" हे उत्तर नाही. कुठला शेजारी, आणि त्या रात्री तो लग्नाला गेला असेल तर दुसरा कोण. बाळंतपणाच्या तारखा आशाताईच्या वहीत असतातच. इन्सुलिन घेणारे, डायलिसिसवाले, अंथरुणाला खिळलेले, ऐकू न येणारे वेगळे लिहा. ऐकू न येणाऱ्या माणसाला भोंगा काय उपयोगाचा?

आता यादीत न येणारे. नोव्हेंबर ते मार्च तुमच्या शिवारात बीडकडचे ऊसतोड कामगार कोपी घालून राहत असतील. वीटभट्टीवर कातकरी कुटुंबं असतील. नव्या बांधकामावर परराज्यातले मजूर पत्र्याच्या खोलीत असतील. त्यांचं नाव त्यांच्या गावाच्या यादीत असतं, पण ते तिथे नसतात. तुमच्या गावात असतात, पण यादीत नसतात. मुकादमाचा किंवा ठेकेदाराचा फोन नंबर तरी वहीत हवा.

आणि जनावरं. पुराच्या गावात बाई म्हशीला सोडून निघत नाही, याला अधिकारी हट्टीपणा म्हणतात. ती म्हैस म्हणजे त्या घराचा दर दहा दिवसांचा पगार असतो. माणसांना बोटीत बसवायचं असेल तर आधी गुरांची सोय दाखवावी लागते: कुठलं माळरान, चारा कुणाच्या वळईतला, नेणार कोण. हे ठरलं नसेल तर निदान दावी सोडून द्यायची एवढं तरी सगळ्यांना माहीत हवं.

पायरी ५ : खबर कुठे अडते

हवामान खात्याचा नारिंगी किंवा लाल इशारा जिल्ह्याला येतो. तिथून तहसीलदार, मंडळ अधिकारी, तलाठी, सरपंच. पुढे? व्हॉट्सॲपच्या ग्रुपवर. आणि ज्या वाडीत रेंज नाही तिथे तो ग्रुप दुसऱ्या दिवशी उघडतो.

खबरीची साखळी एकदा प्रत्यक्ष ओढून बघा. सकाळी दहाला सरपंचांना एक साधा निरोप द्या, "शेवटच्या घरापर्यंत पोचवा." शेवटच्या घरात एक जण घड्याळ घेऊन बसवा. निरोप किती वाजता आला आणि मधल्यामध्ये त्याचं काय झालं, दोन्ही लिहा. ही सगळ्यात करमणुकीची पायरी आहे आणि सगळ्यात लाजिरवाणीही.

दुसरं काम म्हणजे गावाचं स्वतःचं पर्जन्यमापक. महसुली हिशोबात २४ तासांत ६५ मिलिमीटरच्या वर पाऊस झाला की अतिवृष्टी धरतात, पण तो मोजतात महसूल मंडळाच्या ठिकाणी. मंडळाचं गाव सपाटीला आणि तुमची वाडी सह्याद्रीच्या कुशीत, तर त्या आकड्याचा तुमच्या डोंगराशी फारसा संबंध नाही. सरळ काठाचा, तळ सपाट असलेला कुठलाही डबा उघड्यावर, झाडापासून लांब, घट्ट बसवा. रोज सकाळी साडेआठला पट्टीने पाणी मोजा, लिहा, ओता. डब्याचं तोंड लहान असो की मोठं, जितके मिलिमीटर पाणी तितका पाऊस. शाळेतली पोरं हे काम उत्तम करतात, सुट्टीच्या दिवशीही.

हवामान खात्याच्या भाषेत दिवसाला ६४.५ मिलिमीटरपासून मुसळधार, ११५.६पासून अति मुसळधार आणि २०४.४च्या पुढे अत्यंत मुसळधार. डोंगराखालच्या वाडीने कुठली रेघ धरायची? प्रत्येक डोंगराचं सोसणं वेगळं असतं. मी सावध रेघ सुचवतो: सलग दोन-तीन दिवस पाऊस लागलेला असेल आणि डबा अंधार पडायच्या आत ११५च्या वर गेला, तर त्या रात्री वाडीने खाली शाळेत झोपायचं. डोंगराला आधीच भेगा असतील तर ६५लाच. दहापैकी नऊ वेळा काही होणार नाही आणि लोक हसतील. त्या नऊ रात्री शाळेत भजन ठेवा, जेवण करा, पण झोपा तिथेच.

पुराच्या गावात डब्याऐवजी खांब. नदीकडे जाणाऱ्या वाटेवर काँक्रीटचा खांब किंवा देवळाची पायरी घ्या आणि तीन पट्टे रंगवा. पिवळ्याला कागदपत्रं नि धान्य वर. नारिंगीला गुरं, म्हातारीकोतारी, गरोदर बायका बाहेर. लालला सगळे. लाल पट्टा पाणी घरात शिरण्याच्या पातळीवर रंगवू नका. बाहेर पडायचा रस्ता कुठे बुडतो ते शोधा आणि लाल त्याच्या बराच खाली ठेवा. घर कोरडं आणि रस्ता पाण्याखाली, अशी गावं २०१९मध्ये पुष्कळ होती.

वीज पडण्याच्या इशाऱ्यासाठी पुण्याच्या उष्णदेशीय हवामान संस्थेचं 'दामिनी' हे मोफत ॲप आहे. शेतात काम करणाऱ्या प्रत्येक टोळीत एकाच्या तरी फोनवर ते हवं. जिल्हा नियंत्रण कक्ष १०७७, राज्याचा १०७०, तातडीची मदत ११२, रुग्णवाहिका १०८. हे चार आकडे शाळेच्या आणि रेशन दुकानाच्या भिंतीवर रंगवा.

पायरी ६ : वाट, वीज, होडी

हे लवकर उरकतं. गावाबाहेर पडायच्या वाटा किती? एकच असेल तर तिच्यावर पूल आहे का, दरड आहे का? इर्शाळवाडीला गाडीरस्ता नव्हता. मदतीला आलेली माणसं डोंगर चढून गेली आणि यंत्रं वर नेता आली नाहीत म्हणून हातांनी उकरावं लागलं. ट्रान्सफॉर्मर कितीवर बुडतो ते लाइनमनला विचारा. पिण्याच्या पाण्याची मोटार पुरात बंद पडली तर दुसरं पाणी कुठलं? होडी असेल तर तिच्यावर ठळक अक्षरांत माणसांचा आकडा रंगवा आणि जॅकेटं मोजा. आकडा भरला की होडी सुटणार, मग काठावर कुणीही उभं असो. हे आज कोरड्यात ठरवायचं.

पायरी ७ : नंतरचं वर्ष

कच्चेपणा मोजताना बहुतेक जण त्या रात्रीपाशी थांबतात. मला वाटतं, खरी परीक्षा पुढच्या बारा महिन्यांत असते. एकाच पुरात दोन घरं पडतात. एकाचा मुलगा नोकरीला, घर स्वतःच्या नावावर, बँकेत थोडं काही. तो दिवाळीपर्यंत उभा राहतो. दुसऱ्याचं घर अजून आजोबांच्या नावावर किंवा गायरानात, डोक्यावर बचतगटाचं आणि फायनान्सवाल्यांचं कर्ज, आठवड्याचा हप्ता चुकत नाही. पंचनाम्याला तलाठी येतो तेव्हा कागद मागतो. कागदच नाही तर नुकसानही नाही.

निसर्ग वादळात दिवेआगर-श्रीवर्धनच्या नारळी-पोफळीच्या वाड्या आडव्या झाल्या. भाताचं पीक गेलं तर पुढच्या वर्षी पुन्हा लावता येतं. पोफळ नव्याने लावली की उत्पन्न सुरू व्हायला पाच-सात वर्षं जातात. एका दुपारने इतक्या वर्षांची कमाई नेली.

तेव्हा वहीत आणखी एक रकाना: या घराची कमाई कशावर, ती गेली तर परत उभी राहायला किती काळ? एकाच गोष्टीवर चालणारी घरं लाल शाईने लिहा. घर कुणाच्या नावावर आहे ते ग्रामपंचायतीच्या नमुना ८मध्ये आणि जमीन सातबाऱ्यावर तपासा. वारसनोंदी राहिल्या असतील तर त्या करून घेणं हे आपत्ती व्यवस्थापनाचंच काम आहे, भले तसं कुणी म्हणत नसेल. आधार, रेशनकार्ड, पासबुक, सातबारा यांचे फोटो काढून गावाबाहेरच्या एका नातेवाइकाला पाठवून ठेवा. घराचे चारही बाजूंनी, गोठ्याचे, दुकानातल्या मालाचेही फोटो काढा, तारखेसह. पीकविमा घेतला असेल तर खबर किती तासांत द्यायची ते यंदाच्या नियमात बघून ठेवा; पूर, गारपीट असल्या स्थानिक नुकसानीसाठी ती ७२ तासांत द्यावी लागत असे. पाण्यात अडकलेल्या माणसाला ७२ तास फार थोडे असतात. त्याच्यासाठी फोन कोण करणार, तेही आधीच लिहा.

पायरी ८ : वहीचं एक पान करा

एवढं झाल्यावर वही जाड होते आणि जाड वही कुणी वाचत नाही. तिच्यातून एकच पान काढा. पन्नास कच्चे दुवे सापडले असतील तर तीन ढीग करा: आपण फुकटात करू ते, ग्रामपंचायतीच्या पैशांत होईल ते, वरच्या खात्यांकडे मागायचं ते. पहिला ढीग नेहमी अपेक्षेपेक्षा मोठा निघतो. चर उकरणं, पट्टे रंगवणं, आधार लागणाऱ्या नि देणाऱ्या माणसांच्या जोड्या लावणं, माळवदाची माती उतरवणं यांना निविदा लागत नाही.

दुसरा ढीग ग्रामसभेत ठेवा आणि ग्रामपंचायत विकास आराखड्यात घालून घ्या. तिसऱ्यासाठी ठराव करा, सोबत फोटो जोडा आणि अर्जाच्या प्रतीवर आवक क्रमांक, शिक्का, तारीख घेतल्याशिवाय कार्यालयातून उठू नका. तिवरे धरणाला गळती आहे हे गावकरी आधीपासून सांगत होते. धरण फुटलं, सुमारे २० माणसं गेली. कागद असला म्हणून धरण वाचतंच असं नाही, पण तोंडी तक्रार मागे काहीच सोडत नाही.

भांडण होईल. पायथा कापणाऱ्याचं नाव येईल, ओढ्यात भराव टाकून गाळे बांधणाऱ्याचंही येईल, आणि तो बहुधा वजनदार माणूस असेल. नावं बाजूला ठेवून जागा आणि मापं बोला: ओढा इथे पूर्वी इतका रुंद होता, आता इतका आहे. मोजपट्टीशी भांडणं जरा अवघड जातं.

पायरी ९ : तालीम

जूनच्या पहिल्या आठवड्यात एकदा रात्री तालीम घ्या. दिवसा घेतली तर ती १५ ऑगस्टच्या कवायतीसारखी होते. आठ वाजता दिवे घालवा, ठरलेला इशारा द्या आणि वाडी शाळेपर्यंत पोचायला किती वेळ लागतो ते बघा. कोण मागे राहिलं, कोण कुणाला विसरलं, कुठे घसरायला झालं, सगळं लिहा.

मी पाहिलेली पहिली तालीम एका डोंगराखालच्या वाडीतली. शंभरेक माणसं पंचवीस मिनिटांत खाली आली, दोन म्हाताऱ्यांना झोळीतून आणलं, सगळे खूश. शाळेला कुलूप होतं. किल्ली गुरुजींकडे आणि गुरुजी तालुक्याच्या गावी. पाऊण तास लोक पावसात व्हरांड्यात उभे होते. दुसऱ्या दिवशी तीन किल्ल्या करून घेतल्या: एक आशाताईकडे, एक पोलीस पाटलांकडे आणि एक शाळेच्या सगळ्यात जवळच्या घरातल्या आजींकडे, कारण त्या कधीच कुठे जात नाहीत.